उपाशी ठेवायच्या पेशी

प्रिय आई,

तनुजाचा प्रयोग बाद झाला. काल दुपारी तिच्या गाईड मॅडमना मी स्वतः फोन करून विचारलं. "हो, बाद. पण चूक तिनंच येऊन सांगितली," त्या म्हणाल्या. तुला कळवतोय, कारण या चुकीत तुझाही हात आहे.

तुझी नात आता एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय तिनं तुझ्या पायाच्या जखमेवरून घेतला. शरीरात ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं असतात. ती पेशींना निरोप देतात: वाढा, सरका, जखम बुजवा. साखरेचा आजार असलेल्यांत हा निरोप नीट पोचत नाही. तुझा पाय आठवतो ना?

प्रयोग असा. दोन प्लेटमध्ये पेशींचा थर वाढवायचा आणि त्यावर ओरखडा काढायचा. एकीत फॅक्टर घालायचा, दुसरीत नाही. कुठला ओरखडा आधी बुजतो ते बघायचं. मात्र त्याआधी पेशींना एक दिवस उपाशी ठेवायचं. त्यांचं जेवण म्हणजे सीरम, आणि त्यातही तेच निरोप असतात.

तनुजानं त्यांना उपाशी ठेवलंच नाही! "मरतील असं वाटलं, बाबा. थोडंसंच सीरम घातलं, दोन्हींत."

दोन्ही ओरखडे सारखेच बुजले. म्हणजे फॅक्टरनं काय केलं ते कळलंच नाही.

हे ती कोणाकडून शिकली? राई गावातल्या आपल्या घरी वीजवाला आला तरी तू त्याला आधी बसवायचीस. "चार घास खा, मंग मीटर बघ." तो बिचारा दर वेळी जेवून निघालेला असायचा!

लॅबमधली मैत्रीण तनुजाला म्हणाली, "फॅक्टरवाल्या प्लेटचा एकच फोटो दाखव ना यार, दुसरीचं कोण विचारतंय?" सबमिशन जवळ आलंय. पुन्हा करायला एकदाच वेळ आहे. तेही फसलं तर थिसिस पुढच्या सत्रात. तरी ती मॅडमकडे गेली. मी विचारलं, का गं?

"आजी रोज विचारायची, बुजली का गं? मी पट्टी बदलताना म्हणायचे, बुजतेय. ती बुजत नव्हती, बाबा."

तू गेलीस त्या वर्षी ती बारावीत होती. मला हे माहीत नव्हतं, आई. तुला होतं का?

मला तर तू जखमच दाखवली नाहीस. भाईंदरच्या बाजारात तुझ्या भाजीच्या पाटीजवळ उभ्यानं म्हणालीस, "काय न्हाय रं, काटा लागलाय. तू तुझी बातमी लिव." आणि मी ऑफिसला जाऊन लिहीत बसलो. दुसऱ्यांच्या बातम्या दोन-दोन ठिकाणी विचारून खात्री करणारा मी, तुझा पाय मात्र एकदाही उघडून बघितला नाही. का ऐकलं मी तुझं? आणि तू तरी का लपवलंस?

मॅडम म्हणाल्या, दिवसभर उपाशी राहून पेशी मरत नाहीत, फक्त थांबतात. तनुजानं ते वहीत लिहून घेतलंय.

बुधवारी पेशी उपाशी. गुरुवारी ओरखडा. शुक्रवारी सकाळी ती फोटो काढेल, आणि मॅडमनी पाहिल्यावर मला फोन करेल. जे असेल ते तुला तसंच कळवीन. प्लेटमधली जखम नाही बुजली, तर नाही बुजली असंच लिहीन.

तुझा,
अनंत