गॅरेजचं मूळ

३ फेब्रुवारी
मुलगी दातांची डॉक्टर झाली. एक मार्चला आपल्याच गॅरेजमध्ये दवाखाना सुरू करणार. गॅरेज रिकामं करून द्यायचं काम मी अंगावर घेतलं. हमाल नकोत म्हणालो. घरच्या कामाला बाहेरची माणसं कशाला? दार उघडताना मनात आलं, 'गॅरेज' हा शब्द मुळात कुठला? दार पुन्हा लावलं.

५ फेब्रुवारी
शब्द फ्रेंच. इंग्रजीच्या बोटाला धरून आपल्याकडे आला. मूळ क्रियापद 'गारे', म्हणजे आडोशाला सुरक्षित लावून ठेवणं. आधी नावा, मग मोटारी. एका सकाळीच एवढी मजल! सामानाचं काय, एका रविवारचं काम.

९ फेब्रुवारी
फ्रेंचांनी तो जुन्या जर्मन टोळ्यांकडून उचलला, असं कोश म्हणतो. कोशाचं किती मनावर घ्यायचं? मला आपल्या 'आगार'चा दाट संशय आहे. आगार, गार, गारे, गॅरेज. सरळ रस्ता. बायकोला उलगडून सांगितलं. म्हणाली, आधी ती जुनी गादी तरी बाहेर काढा. संशोधकाला घरात कोण विचारतो?

१४ फेब्रुवारी
गादी काढली. खाली माझा टाइपरायटर! 'गॅरेज'वरचा माझा प्रबंध आता यावरच टाइप करायचा. त्याची रिबन शोधत बाजार पालथा घातला. नाही मिळाली. गादी दारात अडकली आहे. आता आत जाता येत नाही. माझा इलाज नाही.

२० फेब्रुवारी
दवाखान्याची खुर्ची आली. तूर्त हॉलमध्ये. मागे झुकते, वर दिवा. वाचायला झकास. मुलगी काही बोलली नाही. समजूतदारपणात माझ्यावर गेली आहे.

२४ फेब्रुवारी
कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना 'आगार' ऐकवला. खूप हसले. जळतात.

१ मार्च
दवाखाना सुरू झाला. चौकात, केमिस्टच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत. खुर्ची काल मी लायब्ररीत असताना नेली म्हणे. फीत केमिस्टनं कापली. मी पाहुण्यांत.

मुलीला बाजूला घेऊन विचारलं, ही जागा कधी बघितलीस? म्हणाली, बाबा, तुम्ही हमाल नकोत म्हणालात ना, त्याच संध्याकाळी.

फार लागलं मनाला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिनं हाताला धरून मलाच पहिला पेशंट म्हणून खुर्चीत बसवलं. माझी बाजू सांगणार होतो. पण तोंड उघडं ठेवायचं होतं.