अधिकाच्या वाणातलं वाफेचं मशीन

सिडको एन-७, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, ४ जून

श्री. साहेबराव यांना अंबादासचा मनापासून नमस्कार.

मायना लिहिण्यातच अर्धा तास गेला. रूपाताई आमच्या तनुजाच्या मोठ्या बहीण, म्हणजे नात्यानं तुम्ही मोठे साडू. तेव्हा 'तीर्थरूप' लिहावं असं आधी वाटलं. पण वयानं तुम्ही माझ्याहून पाच महिन्यांनी लहान आहात (मागे तिरुपतीचं रिझर्वेशन करताना तुमचं आधार कार्ड माझ्या हातात आलं होतं, तेव्हा दिसलं, मुद्दाम पाहिलं नव्हतं). शेवटी नुसतं 'श्री.' लिहिलं. कमी पडलं असेल तर उरलेला मान मनानं भरून घ्यावा. तुमची ऍसिडिटी आता कशी आहे? रूपाताईंची टाच दुखायची थांबली का? प्रेरणाच्या ऍडमिशनचं काय ठरलं? आमच्याकडे सगळे ठीक आहेत. 'सगळे' म्हणजे माणसं.

पत्र पाहून तुम्ही दचकला असाल. जालना काही लांब नाही आणि फोनही आहे. पण आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, आणि व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुमचा मोबाइल रूपाताई पाहतात, माझा तनुजा पाहते, आणि नंतर दोघी बहिणी एकमेकींना सांगतात. म्हणून हे पत्र तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. (सरकारी पत्त्यावर खासगी पत्र पाठवावं का, याचा मी विचार केला. पाकीट आणि तिकीट माझं आहे, त्यामुळे सरकारचं नुकसान होत नाही.) तसं विशेष काम काही नाही. सहज लिहितो आहे.

रविवारी, २४ मे रोजी, आपण दोघे जावई अधिक महिन्याचे धोंडे जेवायला सासुरवाडीला, सिल्लोडला होतो. तेहतीस अनारसे, मामींच्या हातचे पुरणाचे धोंडे, आणि जेवणं झाल्यावर आपले सासरे बद्रीनाथमामा यांनी आपल्यापुढे ठेवलेले एकसारखे दोन खोके, हे तुम्हाला आठवत असेलच. मामांचं वाक्य मी त्याच दिवशी डायरीत उतरवून ठेवलं आहे: "अधिकात जावयाला जाळीची वस्तू द्यावी लागती. अनारशाला जाळी असती, बत्ताशाला असती. आता ह्या मशीनातल्या ताटलीला बघा किती भोकं हायेत!" आपण दोघांनी वाकून भोकं पाहिली. मी मनातल्या मनात मोजायलाही लागलो होतो (तेहतीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं). ओट्यावर ठेवायचं, काचेच्या दाराचं, वाफेवर स्वयंपाक करणारं मशीन! सिल्लोडच्या बाजारात चाळीस वर्षं बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला वाणाचा शास्त्रार्थ आणि आधुनिक स्वयंपाकघर यांचा असा मेळ सुचावा, याचं मला फार कौतुक वाटलं. अजूनही वाटतं. पुढे जे लिहितो आहे त्यात मामांविषयी तक्रार नाही, हे आधीच नोंदवतो.

तर, मशीन चालत नाही. म्हणजे, चालत नाही असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि माझ्या मनाचा जो गोंधळ झाला आहे तो इथूनच सुरू होतो. बटण दाबलं की दिवा लागतो. पंखा फिरतो. आकडे वीसपासून उलटे मोजत शून्यावर येतात आणि मशीन पाच वेळा टुकटुक वाजतं. आत ठेवलेलं इडलीचं पीठ मात्र पीठच राहतं. पहिल्यांदा मला वाटलं, वाफ दिसत नाही म्हणजे वाफ नाही. पण माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की वाफ प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही. आता न दिसणारी वाफ आणि नसलेली वाफ यांत फरक कसा करायचा? मी ओट्यासमोर स्टूल टाकून तीन दिवस (चार नव्हे, डायरी पाहिली) काचेतून आत पाहत बसलो. शेवटी तापाचा थर्मामीटर आत ठेवला. एकोणचाळीस. मला आनंद झाला. मग शंका नको म्हणून तोच थर्मामीटर बाहेर ओट्यावर ठेवला. चाळीस पूर्णांक तीन. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पण याचा अर्थ मशीन स्वयंपाकघरापेक्षा थंड आहे असा होतो, आणि असं मशीन मला जाहिरातीतसुद्धा कुठे आढळलं नाही.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. पुस्तिका पहिल्यापासून वाचली. जड पाणी वापरू नये, असं तिसऱ्या पानावर आहे. आमच्या सोसायटीत नळाला पाणी येतं तेव्हा सण असतो. एरवी सगळं बोअरवर, आणि त्या पाण्यानं बादलीच्या कडेला पांढरा थर जमतो. म्हणून मशीनसाठी वीस लिटरचा जार लावला. तनुजा म्हणाली, "माणसं बोअरचं पितेत अन् हे जारचं पितंय. जावई तुम्ही हाव का हे?" प्रश्नात तथ्य होतं. मग प्लग बदलला. औरंगपुऱ्यातून जाड पिनांचा आणला आणि वायरमनकडून बोर्ड नवा बसवून घेतला. दिवा पूर्वीपेक्षा प्रखर लागायला लागला, असं मला वाटतं. तनुजाला वाटत नाही. मग लिंबाचं सत्त्व घालून आतली नळी धुतली. (स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लहानसं चिन्हही सारखं लुकलुकतं. पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर त्याचं चित्र आहे. पण त्या भागाचं शीर्षक 'दुकानदारांसाठी : गिऱ्हाइकाला मशीन न तापवता नुसतं चालताना दाखवायचं असेल तर' असं असल्यामुळे तो मी वाचला नाही. माझं दुकान नाही.)

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एका मुलीनं अत्यंत गोड आवाजात प्लग काढून पुन्हा लावायला सांगितलं. लावला. मग ती म्हणाली, "सर, बिल का नंबर बताइए." इथे मी अडकलो. वाण म्हणून मिळालेल्या वस्तूचं बिल सासऱ्यांकडे कोणत्या तोंडानं मागायचं? बिल मागितलं म्हणजे किंमत कळणार, आणि वस्तू बिघडलेली दिली हे त्यांच्या तोंडावर म्हटल्यासारखं होणार, तेही अधिक महिन्यात. मी त्या मुलीला म्हटलं, "ये हमको अधिक मास में मिला है." मग तिनं मला तिच्या वरिष्ठांकडे जोडलं आणि फोन कट झाला.

आता मूळ गोष्ट सांगतो, जी सांगायला मी तीन पानं लावली. मी मामांशी खोटं बोललो आहे. सोमवारी, २५ मे रोजी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला: "काय पाव्हणं, चालू झालं का नाय?" मी म्हटलं, "हो मामा, झालं." आता, त्या क्षणी मी प्लग लावला होता आणि दिवा लागला होता; त्यामुळे हे वाक्य काटेकोरपणे खोटं नाही. पण पुढे ते म्हणाले, "जालन्याचे पाव्हणे तर म्हणले, लई झकास चालतंय. मंग तुमचं?" आणि मी म्हणालो, "आमचंही झकास." हे मात्र खोटं होतं. तुमचं चालतं आणि माझं नाही, असं कबूल करायला जीभ वळली नाही. तुम्ही इंजिनिअर, मी कॉलेजच्या ग्रंथालयात. सासुरवाडीत आधीच जी तुलना होते तिच्यात भर कशाला? त्यानंतर मामांनी आठ फोन केले. किती मिनिटं लावता? वीस. कोणत्या खणात ठेवता? मधल्या. आधी पाणी का आधी बटण? आधी पाणी. पलीकडे कागदाची फडफड ऐकू यायची, म्हणजे ते उत्तरं लिहून घेत होते. मला वाटलं, माझी उलटतपासणी चालली आहे आणि एखादं उत्तर आधीच्या उत्तराशी जुळलं नाही की पकडणार. म्हणून मीसुद्धा माझी उत्तरं डायरीत लिहून ठेवायला लागलो. खोट्या बोलण्याची इतकी शिस्तशीर नोंद मी आयुष्यात केली नव्हती.

काल त्यांचा निरोप आला. येत्या रविवारी, ७ तारखेला, मामा आणि मामी येत आहेत, आणि मामांना "मशीनातलं धोंडं" खायचं आहे. इडलीपात्रात धोंडे उकडून मशीनमध्ये सरकवून ठेवायचे, असं मी तनुजाला सुचवलं. ती म्हणाली, "थापा तुम्ही मारल्या, तुम्हीच निस्तरा. मी माझ्या बापाला फसवनार नाय. अन् रूपाताईला बी सांगनार नाय. तिचं चालतंय, माझं चालंना, हे कोणत्या तोंडानं सांगू?" तिचं बरोबर आहे. रविवारी मामांच्या पाया पडायचं, समोर बसायचं आणि सगळं खरं सांगायचं, असं मी ठरवलं आहे. मामांचा माझ्यावरचा विश्वास जाईल. पंधरा वर्षांत (फेब्रुवारीत सोळा होतील) तो थोडाथोडा जमवला होता. पण दुसरा मार्ग नाही. तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच लिहिलं. तुमच्याकडून काही नको.

रूपाताईंना नमस्कार (पण या पत्राविषयी बोलू नये), प्रेरणाला आशीर्वाद.

तुमचा धाकटा, म्हणजे पाच महिन्यांनी मोठा, साडू
अंबादास

ता. क. १ (सोमवार, ८ जून). पत्र शुक्रवारीच टाकणार होतो. पण 'थर्मामीटर' पुल्लिंगी लिहावा की नपुंसकलिंगी, या शंकेनं पाकीट उघडं राहिलं, आणि आता बरंच घडून गेलं आहे. काल मामा-मामी आले. मामांच्या डोक्यावर खोका होता. मला वाटलं, आणखी एक वाण. मी पाया पडायला वाकलो, "मामा, एक सांगायचं होतं," असं म्हणालोही. तेवढ्यात त्यांनी खोका ओट्यावर उतरवला आणि आतून आपल्यासारखंच तिसरं मशीन काढून माझ्या मशीनशेजारी ठेवलं. "हे आमचं," ते म्हणाले. "बियाण्याच्या कंपनीनं स्कीममधी तीन दिले व्हते. दोन तुमाला दिले, एक हिनं ठिवून घेतलं. दोन हप्ते झाले, दिवा लागतोय पर गरम होईना. तुमी सांगितलं तसं समदं लिहून घेतलं अन् केलं. वीस मिनिटं, मधला खण, आधी पाणी. कायबी व्हईना. आता समोर चालवून दावा." मामींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी म्हणलं यांला, दोन्ही जावयाला जमतंय, मंग तुमालाच कामून जमंना? रोज म्हणते. चहा देतानी म्हणते, जेवायला वाढतानी म्हणते." मामांनी मान खाली घातली. साहेबराव, ते आठ फोन उलटतपासणीचे नव्हते हो. तो माणूस घरात रोज बोलणी खात होता, तीही माझ्यामुळे, आणि मला मदत मागत होता. मी म्हटलं, "मामा, माझं पण चालत नाही. पहिल्या दिवसापासून." मला वाटलं, आता उठून जातात. ते उठलेच; पण मामींकडे वळले आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की खालच्या मजल्यावरच्या आशाबाई दार उघडून वर आल्या: "ऐकलं का? ऐकलं का भागूबाई? जावयाचं बी चालंना! कॉलेजातल्या माणसाचं चालंना, मंग माझं कसं चालंल?" एवढा आनंद मामांच्या चेहऱ्यावर मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी मला मिठी मारली. नंतर इडलीपात्रातले सहा धोंडे खाल्ले.

ता. क. २. मामींचं मात्र समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, "मंग जालन्याचं कसं चालतंय?" आणि मी, सुटल्याच्या आनंदात, बोलून गेलो, "साहेबरावांची गोष्ट वेगळी. ते इंजिनिअर आहेत. त्यांचं उत्तमच चालत असणार." (मी पाहिलेलं नसताना 'असणार' म्हणालो, हे पुन्हा चुकलं.) त्यामुळे असं ठरलं आहे की येत्या रविवारी, १४ तारखेला, अधिक संपायच्या आत, मामा आणि मामी ही दोन्ही मशीनं घेऊन जालन्याला तुमच्याकडे येतील आणि तुम्ही ती चालवून दाखवाल. सकाळी आठला निघणार आहेत. धोंडे तुमच्याकडेच.

ता. क. ३. निघताना मी मामांना जिन्यात विचारलं की साहेबराव नक्की काय म्हणाले होते. ते म्हणाले, "त्ये म्हणले, अंबादासरावांचं चालतंय म्हणता, मंग आमचं न चालायला काय झालं? लई झकास चालतंय." म्हणजे तुमचं चालतं असं ऐकून मी खोटं बोललो, आणि माझं चालतं असं ऐकून तुम्ही... पुढचं लिहीत नाही, कारण तुमचं खरोखर चालतही असेल, आणि तसं असल्यास कोणतं बटण ते शनिवारपर्यंत जरूर कळवावं. पण चालत नसेल, तर माझी एकच विनंती आहे, आणि खरं तर हे सगळं पत्र तिच्यासाठीच आहे. २५ मे रोजी मामांचा तुम्हाला आलेला फोन सकाळी दहा वाजून दहा मिनिटांच्या आधीचा होता की नंतरचा? मोबाइलमध्ये वेळ दिसेल. पहिलं खोटं माझं की तुमचं (तिसऱ्या कोणाचं असेल, हे मी मनातही आणत नाही), हे मला ठरवता येत नाही, आणि डायरीत त्या ओळीपुरती जागा मी कोरी सोडली आहे.