दोनशे चौदांपैकी तीन

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोनशे चौदा माणसं गेली. बघितलं तिघांनी. त्यातला एक काचेत बघून भांग पाडत होता, म्हणजे खरे दोघंच. पण तोही धरला. आकडा फारच वाईट दिसत होता.

जे. पी. नगरमध्ये त्या इडलीवाल्यासमोर आठ ते दहा उभी होते, हातात मोजायचं यंत्र घेऊन. माणूस गेला की एक कळ दाबायची, त्यानं गाडीकडे मान वळवली की दुसरी. दुसरी कळ अजून करकरीत आहे! कंपनीला हे कळायला हवंय की त्यांची ‘शिक्रा’ — दोन सीटची, खरीखुरी स्पोर्ट्‌स कार, चालवून बघणारा प्रत्येक जण खूश होऊन उतरतो — रस्त्यावर कुणाच्या डोळ्यांत भरतच कशी नाही. बाजारात येऊन दीड वर्ष झालं. कारण शोधायचं काम आमच्या एजन्सीकडे, म्हणजे माझ्याकडे. रिपोर्ट तेरा तारखेला द्यायचाय.

गाडी घेऊन पद्मनाभ अण्णा आले होते. नवी गाडी आधी मातीची करतात, पुऱ्या मापाची. ती त्यांनी केलेली. साठी उलटलेली. इथलेच मराठी, तीनशे-साडेतीनशे वर्षांपासून कानडी मुलखातले. मी नऊ वर्षांपूर्वी नागपूरहून आलेली, मुलीच्या वयाची, तरी मला ‘अक्का’ म्हणतात. दोन तास गाडी पुसत होते. पुसण्यासारखं काही नव्हतं.

साडेनऊला एक बाई फोनमध्ये बघत आली आणि गाडीचं मागचं दार चाचपायला लागली. मागे दारच नाही. मग अण्णांना ओटीपी सांगायला लागली. अण्णा म्हणाले, ‘कॅब नव्हे अम्मा, ही वेगळी गाडी.’ सॉरी म्हणून गेली. जातानाही तिनं गाडीकडे बघितलं नाही.

मला हसू फुटलं. अण्णांनी ते बघितलं. दिवसभर त्याचीच लाज वाटतेय.

४ फेब्रुवारी

राजाजीनगर. एकशे नव्वद गेले, बघितलं पाच जणांनी. त्यात एक ट्रॅफिक पोलीस. नो पार्किंग होतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुन्हा राजाजीनगर. मोजणी संपल्यावर अण्णा म्हणाले, घर इथंच मागच्या गल्लीत आहे, स्वल्प कॉफी घेऊन जावा. जायला नको होतं.

त्यांच्या बायकोनं, जमनाबाईंनी, कॉफी दिली. अण्णांनी कपाटातून एक हातभर लांबीची मातीची गाडी काढली. आधीची शिक्रा. तांबडी, जमिनीला टेकलेली, पुढचं तोंड खाली आणि मागचा भाग उचललेला. व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली. तेवढ्यात फुलवाली गेटात आली, टोपली डोक्यावरच ठेवून थांबली आणि बघत राहिली. सवयीनं माझा अंगठा हलला. यंत्र पर्समध्ये होतं म्हणून बरं.

मी विचारलं, ‘अण्णा, मग ही अशी का नाही आली?’

म्हणाले, ‘लोकांना नको होती, अक्का. दोनशे चाळीस लोकांना विचारून फॉर्म भरले की. बुटकी आहे म्हणून लिहिलं. आवाज नको, तांबडा रंग नको, मागं सामान ठेवायला जागा पाहिजे. परका बोलला असता तर मी भांडलो असतो. पण त्यात अर्धी माणसं इथली होती. आमच्या राजाजीनगरची! आपल्याच माणसांना नको असेल तर मी कोण जास्त बोलणार? सरी, ठीक आहे म्हणालो. उंच केली.’

जमनाबाई म्हणाल्या, ‘ते काय सरी म्हणणं होतं? महिनाभर जेवताना एक शब्द बोलले नाहीत.’

मग त्यांनीच सांगितलं — एका डिझाइन कॉलेजनं अण्णांना मातीकाम शिकवायला बोलावलंय. जूनपासून. अण्णांनी अजून हो म्हटलेलं नाही. ‘तुमचा रिपोर्ट येऊ दे,’ अण्णा म्हणाले. ‘माझाच डोळा म्हातारा झाला असेल तर पोरांना काय शिकवू? तुम्ही शिकलेल्या आहात, रस्त्यावर उभं राहून मोजता. तुम्ही लिहाल ते खरं.’

कॉफी गार झाली. तशीच प्यायले.

७ फेब्रुवारी

लिहिणार होते. नाही लिहवत.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहितेच. इथं नाही लिहिलं तर कुठं लिहिणार!

ते दोनशे चाळीस फॉर्म माझे. अण्णांना माहीत नाही. तेव्हा कंपनीशी बोलायला प्रणीत जायचा, माझा बॉस, आणि माझं नाव कुठंच नव्हतं.

गाडी बाजारात आणण्याआधी लोकांना एका हॉलमध्ये नेऊन मॉडेल दाखवतात आणि मतं लिहून घेतात. आमच्यात त्याला क्लिनिक म्हणतात. शहराच्या चार भागांतली माणसं आणायची होती, सगळ्या तऱ्हेची. माणसं येईनात. कबूल करून येत नव्हती, हॉल लांब होता, आणि मी सोळा दिवसांत कंटाळले. सत्त्याण्णव झाले. एकशे त्रेचाळीस कमी.

त्या रविवारी आमच्या सर्जापूर रोडच्या क्लबहाउसमध्ये मराठी मंडळाचे तर्री-पोहे होते. दोनशे माणसं, हातात ताटली घेऊन रांगेत उभी, करायला काही नाही. मी फॉर्मचा गठ्ठा नेला. मॉडेल तर त्यांच्यापुढे नव्हतंच — प्रिंट काढलेले दोन फोटो रांगेतून फिरवले. आयटीतली पुणे-मुंबई-नागपूरची मंडळी, सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर पार्किंग आणि दारात चार स्पीडब्रेकर. पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होते. मंडळातली सिद्धी म्हणाली होती, ‘अगं, पण सासूबाई आल्या की कुठं बसवू?’ आणि तेच लिहिलं. तिचं बघून मागच्या सहा जणींनी सासूबाई लिहिल्या. एकानं लिहिलं, रंग असा हवा की धूळ दिसू नये. पोह्यांना उशीर झाला म्हणून दोघांनी रागानं सगळीकडे शून्य दिलं.

त्या फॉर्मवर तर्रीचे डाग पडले. म्हणून घरी बसून मी ते पुन्हा उतरवले. आणि पत्त्याच्या रकान्यात सर्जापूर रोड किती वेळा लिहिणार? मग राजाजीनगर लिहिलं. जे. पी. नगर लिहिलं. राजाजीनगरात मी तोवर पायही ठेवला नव्हता.

आणि ते खरे सत्त्याण्णव? ते हॉलमध्ये आले होते. त्यातला पेट्रोल पंपावरचा एक माणूस गाडीसमोर उकिडवा बसला आणि पाच मिनिटं उठला नाही. मला आठवतोय तो. मी बघितलंय ते.

९ फेब्रुवारी

तनयला सांगितलं. नवरा म्हणून काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला, ‘सगळेच करतात गं. आमच्याकडे टेस्टिंगचे रिपोर्ट काय खरे असतात?’ आणि मग विचारलं, ‘माझा पण फॉर्म होता ना त्यात? मी काय लिहिलं होतं?’

त्यानं सगळ्यात ‘बरी’ लिहिलं होतं. त्याचा पत्ता मी जे. पी. नगर टाकला होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट दोनदा लिहून पुसला. पहिल्यात लिहिलं की आकार जुन्या वळणाचा आहे. हे लिहायला अकरा मिनिटं लागली. खोटं किती सुरळीत लिहिता येतं मला! सवय आहे.

गाडी दिसत का नाही ते आता मला स्वच्छ कळलंय. ती सगळ्यांना सांभाळून उभी आहे. दोन बोटं उंच केली — ती उंच गाडी झाली नाही आणि बुटकीही राहिली नाही. आवाज बंद केला. रंग असा मातकट-चंदेरी, की रस्त्यावर दर तिसरी गाडी तशीच. मागे सामानाला जागा दिली आणि पाठीचा तो उचललेला भाग गेला. चालते अजून तशीच झकास, पण ते आत बसणाऱ्याला कळणार, फुटपाथवरच्याला कसं कळेल? ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. इथं तर जनाचंही ऐकलं नाही. मंडळाचं ऐकलं.

आणि मी आठवडाभर फुटपाथवर उभी राहून लोक का बघत नाहीत ते मोजतेय. चोरानंच पंचनामा करावा तसं आहे हे.

माझी नोकरी जाईल का? जाईल. प्रणीतही अडचणीत येईल, त्यानं फॉर्म न बघता पाठवले होते. पण अण्णांना त्यांचा डोळा परत मिळेल. त्यांना माझ्याकडून तेवढंच हवंय आणि ते फक्त मलाच देता येतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाठवला!

दोन पानं जास्तीची जोडली. एकशे त्रेचाळीस फॉर्म कुठं भरले, पत्ते कुणी घातले, मॉडेल त्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं, ते सगळं. ‘मी’ असं लिहिलं. ‘आमच्याकडून’ असं नाही लिहिलं. सत्त्याण्णव खऱ्या लोकांचे आकडे वेगळे काढून दाखवले — त्यातल्या एक्क्याऐंशी जणांना तांबडी, बुटकी गाडीच आवडली होती. शेवटचं वाक्य: आकारात दोष नव्हता.

प्रणीतला मेल केला आणि लॅपटॉप बंद केला. रात्री भाकरी-पिठलं केलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. किती दिवसांनी अन्नाला चव लागली. तनय म्हणाला, ‘आता पुढं काय?’ म्हटलं, जे होईल ते होईल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्रणीतनं केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याची तयारी करून गेले होते, पर्समध्ये लिहिलेला कागद होता. त्यानं चहा मागवला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘वो दो पन्ने मैंने निकाल दिए. इतना इमोशनल नहीं होते, संहिता.’

मी म्हटलं, मग कारण काय दिलंस? त्यानं स्क्रीन फिरवला. आकार जुन्या वळणाचा. माझीच वाक्यं! बुधवारी मी पुसलेली. ऑफिसच्या फाइलमध्ये जुना मसुदा राहतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शनिवारीच कंपनीला गेला म्हणे. वर माझं नाव, या वेळी ठळक अक्षरात. कंपनी खूश आहे, पुढच्या गाडीसाठी नवीन माणूस आणणार आहेत. ‘तेरा ही लिखा है ना? अच्छा लिखा है.’

मी काय म्हणाले? ‘ओके’ म्हणाले. चहा संपवला. कागद पर्समध्येच राहिला.

उद्या राजाजीनगरला जाईन आणि अण्णांना समोर बसून सांगेन. रिपोर्ट गेला तर गेला, माणूस तर आहे.

१७ फेब्रुवारी

नाही गेले. मीटिंग होती.

१८ फेब्रुवारी

नाही गेले. वॉशिंग मशीनवाला यायचा होता.

तो दहाला आला आणि साडेदहाला गेला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी अण्णांचा फोन. कंपनीनं त्यांना रिपोर्ट वाचायला दिला. म्हणाले, ‘सरी लिहिलंत, अक्का. कुणीतरी खरं सांगायला पाहिजे होतं. आजच कॉलेजला नको म्हणून कळवलं. उगाच पोरांचं नुकसान कशाला?’

मी म्हणाले, ‘थँक्यू, अण्णा.’