अडीच किलोचा चाप

१४ सप्टेंबर, रविवार, दुपारी ४.१०
आयुष्य आज चार वाजून दहा मिनिटांनी बदललं. विंडसर, नदीकाठचा बाक, समोर डेट्रॉईट. ईशानी म्हणाली, "शंतनु, लेट्स टेक अ ब्रेक. तुला धीर म्हणून नाही. चिडलास की दार आपटतोस. गणितावर चिडलास तर कॉलेजच सोडलंस."
आपटायला दार नव्हतं. बाकाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.
नोंद: ब्रेक म्हणजे मधली सुट्टी. ब्रेकअप ती म्हणालेली नाही. दीड वर्ष एका अपार्टमेंटमध्ये राहिलेल्या माणसांना सुट्टी लागतेच.

२० सप्टेंबर
व्हिन्सेंट अंकलच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो. तात्पुरता, म्हणून बॅगा उघडल्या नाहीत. अंकल मूळचे वसईचे, इथल्या कार फॅक्टरीत तीस वर्षं टूलमेकर, आता रिटायर्ड. गॅरेजमध्ये स्वतः टार्गेट रायफल बांधतायत. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, अक्रोडाचा, हाताने घासलेला. म्हणाले, नेमबाजी म्हणजे दहा टक्के डोळा आणि नव्वद टक्के धीर.
धीर! मला आणखी काय हवं? लायसन्स काढणार. ६ डिसेंबरच्या क्लब मॅचमध्ये याच रायफलने उतरणार. ईशानी बघायला येणार. विषय संपला.

२७ सप्टेंबर
रायफल छान, चाप भिकार. बोटाखाली आधी करकरतो, मग अडखळतो, मग भलत्याच वेळी सुटतो. फ्लोरिन आंटीने मासे तोलायचा वसईचा स्प्रिंगकाटा आणून दिला. चापाला अडकवून ओढला. अडीच किलो. आंटी म्हणाली, "एवढ्यात बरा रावस येतो."
मला दीड किलो हवा. आजच.
अंकलचे नियम: चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, दोघांनी बघायचं आणि दोघांनी मोठ्याने "रिकामं" म्हणायचं. गोळ्या घरात, दुसऱ्या कुलपात. चाप हलका करायच्या आधी स्वच्छ करायचा. तासभर नुसतं पुसत होतो. काट्यावर सव्वादोन किलो. तासाला पाव किलो!
बाहेर पडताना दार जरा जोरात लागलं. जिन्यातली मदर मेरीची तसबीर पडली. आंटी म्हणाली, "बाबा, तिने काय केलं रे तुला?"

५ ऑक्टोबर
सेफ्टी कोर्स पास. लायसन्सचा फॉर्म भरला. एक प्रश्न विचित्र: गेल्या दोन वर्षांत घटस्फोट, ताटातूट, महत्त्वाचं नातं तुटणं असं काही झालंय का? 'नाही'वर टिक केली. नातं सुट्टीवर आहे.
मग जोडीदाराची सही लागते म्हणे. उत्तमच. भेटायला निमित्त झालं. ईशानीला मेसेज टाकला.

११ ऑक्टोबर
उत्तर नाही. तिच्या मिडटर्म्स असणार. तिकडे गावी, कनाटात, बाबांना वाटतंय माझ्याही मिडटर्म्स चालू आहेत. त्यांना मॅचनंतर सांगेन.

१९ ऑक्टोबर, रविवार
अंकल-आंटी चर्चला. रायफल कपाटात, पण चापाचे सुटे भाग बेंचवर. त्यातल्या दोन कडा एकमेकींना धरून असतात. करकर तिथूनच. म्हटलं सरप्राईज देऊ. घासल्या. थांबवेना. मखमल झाल्या, आरशासारख्या!
अंकल आले. चाप बसवला. रिकामं. रिकामं. काट्यावर पाऊण किलो! मी नाचायचाच बाकी.
अंकलनी रायफल कॉक केली, म्हणजे खटका ताणून चापावर अडकवला, आणि दस्ता रबराच्या मॅटवर आपटला. टक. चापाला कोणाचं बोट नव्हतं.
त्यांनी रायफल बेंचवर ठेवली. मग अंकल म्हणाले, "आणि आत गोळी असती तर?"
मी म्हटलं, मी फक्त गुळगुळीत करत होतो.
"सगळंच गुळगुळीत केलंस, तर धरणार काय, पोरा? चापाचं पहिलं काम धरून ठेवायचं. सोडायचं नंतर."
मला राग आला. तसबीर आंटीने आता जमिनीवरच ठेवलीय.

२५ ऑक्टोबर
बिघडलेले भाग अंकलनी बेंचवरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात चिरडले, पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून. आता कंपनीचा तयार चाप मागवलाय. तीन आठवडे. संकल्प: धीर. नाश्त्याआधी पार्सलचं ट्रॅकिंग फक्त चार वेळा बघितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
ईशानी भेटली! कॉफी शॉपमध्ये. मी नवीन जॅकेट घातलं होतं.
तिने फॉर्म नीट वाचला. टिकवर बोट ठेवून म्हणाली, "हे खोटं आहे."
मी ब्रेक आणि ब्रेकअपमधला फरक समजावला. मुद्देसूद समजावला.
तिने कप बाजूला सरकवला. "मला वाटलं तुला कळलंय. तू भडकशील म्हणून मी हळू सांगितलं. ते फारच हळू झालं बहुतेक."
तिने 'माजी जोडीदार'च्या चौकटीत सही केली. नातं संपल्याची तारीख फोनमध्ये न बघता लिहिली. १४ सप्टेंबर.
तिथलं दार ऑटोमॅटिक आहे. आपटत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अंकलना सगळं सांगितलं. टिक खोडून 'हो'वर केली. ते म्हणाले, आता तुला फोन करून विचारतील, वेळ लागेल, डिसेंबर विसर. "रेफरन्समध्ये माझं नाव आहे. मला विचारलं तर सांगेन, पोरगा बरा आहे, पण घाई नका करू."
नवा चाप बसवला होता. रिकामं, ते म्हणाले. रिकामं, मी म्हटलं. दस्ता तीनदा आपटला. धरून राहिला. काट्यावर दीड किलो.
"घे. ओढ."
बोट ठेवलं. करकर नाही. अडखळ नाही. वाट बघत होतो आणि तो सुटूनही गेला होता. कधी, ते कळलंच नाही.
"असाच पाहिजे," अंकल खूश होऊन म्हणाले. "याला म्हणतात क्लीन ब्रेक."
मी मान हलवली.
त्यांनी रायफल कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली, काटा पुसून माझ्या हातात दिला, आंटीला परत द्यायला. बॅगा उघडायच्या आहेत. बाबांना फोन करायचाय. बाहेर आलो आणि दार लावलं.
आतून अंकलनी हाक मारली, "आहेस की गेलास रे?" त्यांना आवाजच आला नव्हता.