मोटर कुठे टाकावी

शनिवार, २ तारीख
बोट बंद. शाळेची पोरं पलीकडच्या काठावर सोडून परतताना मोटर खोकली, धूर ओकली आणि गप्प झाली. बाबा वल्ही मारत आले आणि त्यांची पाठ धरली. आता आठवडाभर शाळेला सुट्टी. ११ तारखेला पोरं पुन्हा काठावर उभी राहणार. तोवर मोटर चालली नाही तर शाळेचं काम कप्तानला जाणार. कप्तान म्हणजे शेजारच्या बोटीचा मालक. कप्तान कसला, नुसती टोपी आहे.
बाबा पडल्यापडल्या म्हणाले, 'मोटर दुरुस्तीला कुठे टाकायची ते तूच बघ. कॉलेज सोडताना विचारलं नव्हतंस, आताही विचारू नकोस.'
माझ्यावर केवढा विश्वास.

रविवार, ३
दोन जागा आहेत. एक, धक्क्यावरचा मिस्त्री. त्याला हातोडी म्हणतात, कारण कुठल्याही मशीनची विचारपूस तो हातोडीनेच करतो. पण मी कॉलेज सोडलं तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, 'शिक्षण अर्धं आणि ताप दुप्पट.' तेव्हापासून मी त्याचं तोंड बघत नाही.
दोन, शहरातलं सर्व्हिस सेंटर. काचेचं दार, कॉम्प्युटर, बसायला खुर्च्या. काउंटरवर ती असते, हा योगायोग.
सेंटर नक्की. निर्णय निव्वळ टेक्निकल.

मंगळवार, ५
टेम्पोने मोटर नेऊन टाकली. तिने माझं नाव लिहून घेतलं. अक्षर सुंदर.
संकल्प: रागवायचं नाही. कमी बोलायचं. केस कापायचे.

बुधवार, ६
मोटर उघडली. जाकीटने. हा तिथला मेकॅनिक, एवढ्या उकाड्यातही कंपनीचं जाकीट अंगात. त्याचा फोन: पिस्टन बदलावा लागेल, हो म्हणा, उद्या संध्याकाळी मोटर घेऊन जा. असले निर्णय फोनवर घ्यायचे नसतात. जातीने जाईन.
आई म्हणाली, 'नुसतं हो म्हणायला एवढ्या लांब?' आईला इंजिनातलं कळत नाही.

गुरुवार, ७
इस्त्रीचा शर्ट. पिस्टन हातात घेऊन बराच वेळ उजेडात धरला. ती बघत होती. 'विचार करून सांगतो,' म्हणालो. माणूस विचारी वाटतो त्याने.
निघताना ती म्हणाली, 'दादा, फोनवर सांगितलं असतं तरी झालं असतं.' दादा म्हणायची ऑफिसची शिस्त असणार. माझ्या हेलपाट्याची तिला काळजी वाटली, हे महत्त्वाचं.

शुक्रवार, ८
आज हो म्हणायला गेलो होतो. शब्द ओठांवर होता. जाकीट काउंटरला टेकून तिच्या डब्यातलं खात होता. तिच्याच चमच्याने.
म्हणालो, माझी मोटर द्या. तो म्हणाला, 'अहो, उघडलेली आहे.' म्हणालो, असेल, माझी आहे. टेबलावरचं सामान हातानेच पिशवीत लोटलं, मोटर खांद्यावर टाकली आणि निघालो. मागे वळून पाहिलं नाही. मान वळत नव्हती.

शनिवार, ९
मोठ्या मनाने हातोडीला माफ केलं आणि त्याच्याकडे गेलो. त्याने हातोडी उचललीसुद्धा नाही.
'कोणी उघडलं हे?'
म्हणालो, सेंटरवाल्यांनी. तेवढंच तुमचं काम वाचलं.
'बाळा, दुसऱ्याने उघडलेल्या मशीनला आमच्यात कोणी हात लावत नाही. आत काय राहिलं, बाहेर काय गेलं, कोणाला माहीत? उद्या पोरं घेऊन मधोमध बंद पडली तर नाव माझं. ज्याने उघडलं त्यानेच मिटवायचं.'
पुढच्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी पिशवी पाहूनच मान हलवली. यांचा आपसात कट आहे.
मोटर दारात पडली आहे. येणारा-जाणारा तिला ओलांडतो आणि माझ्याकडे बघतो. बाबाही ओलांडतात, पाठ धरून.

रविवार, १०
सेंटर बंद. जाऊन खात्री केली. मग स्वतःच जोडायला बसलो. कॉलेजात हा विषय दुसऱ्या वर्षाला होता, मी पहिल्यातच सोडलं. तरी जोडली. काही बोल्ट आणि एक भाग उरला, ते पिशवीत टाकले. ताई म्हणाली, 'जास्तीचे देत असतील.'
दोरी ओढली. ओढतच राहिलो. शेवटी दोरी हातात आली.

सोमवार, ११
पोरं कप्तानने नेली. टोपी हलवून मला हाक मारत गेला.
स्वाभिमान घरी ठेवून, मोटर आणि पिशवी घेऊन सेंटरला गेलो. जाकीट हसला नाही, याचाच राग आला. पिशवी उपसून म्हणाला, 'यातला कार्ब्युरेटर तुमचा नाही.' शुक्रवारी मी शेजारच्या मोटरचंही सामान लोटून नेलं होतं. त्या मोटरचा मालक तिथेच बसला होता. तो उठून उभा राहिला. मी रागावलो नाही. फार रुंद माणूस आहे.
जुना नंबर रद्द. नवा नंबर सगळ्यांच्या मागे. माझ्यासाठी आणून ठेवलेला नवा पिस्टन परत पाठवून झालाय, पुन्हा मागवणार.

गुरुवार, १४
आता पुन्हा मोटर हलता कामा नये म्हणून तिच्यापाशी रोज बसून राहायचं, असा बाबांचा हुकूम. काउंटरच्या बरोब्बर समोरची खुर्ची मिळाली आहे. इथून फक्त तीच दिसते. दिवसभर. मी पंख्याकडे बघत असतो. डबा उघडला की जाकीट मलाही विचारतो. चांगला आहे बेटा. दोघांचं लग्न ठरलंय. ती म्हणाली, घरच्या सगळ्यांना घेऊन या.
दुपारी बाबांचा फोन आला. मागे पोरांचा कालवा. बाबा कप्तानच्या बोटीवर आहेत. त्याला शाळेच्या फेऱ्या एकट्याला झेपेनात, म्हणून त्याने बाबांना कामाला घेतलं. मी म्हणालो, पाठ? म्हणाले, 'ठीक आहे. वल्ही मारावी लागत नाहीत. याची मोटर चांगली आहे.' मग आवाज खाली आणून म्हणाले, 'आपली कधी मिळेल रे?'
विचारून सांगतो, म्हणालो.
ती समोरच बसली आहे. हात लांब केला तर काउंटरला लागेल. अजून विचारलेलं नाही.