उंदरांच्या बाटलीतलं पाणी

धाकटे, तुला आशीर्वाद. आईच्या पाया पडले असं तिला सांग.

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, वेळेवर जेवते. उगाच काळजी करू नकोस.

मी प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे साफ करते. मेंदूत नव्या पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी असतात म्हणे. त्या ओळखायला डॉक्टरबाई उंदरांना पाण्यातून औषध पाजतात. मग नव्या पेशी भिंगाखाली चमकतात.

सोमवारी म्हाताऱ्या उंदरांची बाटली काळ्या कागदात गुंडाळलेली होती. मला वाटलं, पाणी शिळं म्हणून झाकलंय. ओतून दिलं, बाटली घासली, साधं पाणी भरलं. माझे हात कुठे गप्प बसतात! आज बाईंना तशीच बाटली भरताना पाहिलं. कागद औषधाला उजेड लागू नये म्हणून असतो.

माझ्याबरोबरची बाई म्हणते, "गप बस गं, उंदीर काय चुगली करणारेत?" पण त्यांच्या मेंदूत काही चमकणार नाही, आणि डॉक्टरबाई लिहितील, म्हातारपणी मेंदूत नवं काही होत नाही. आपल्या आईसारख्यांसाठीच तर हा खटाटोप. माझ्यापायी खोटं लिहिलं जायला नको.

आई तुला अजून ओळखते ना? मला बरं वाटावं म्हणून काहीबाही लिहू नकोस.

डॉक्टरबाई आत एकट्याच आहेत. पाकीट चिकटवते आणि सांगून टाकते. हाकललं तर घरी येईन. मग तू पोटभर झोप, आईचं मी बघेन.

तुझी थोरली