एका अक्षराचे शब्द

हिंदूराव, दिल्ली
४ फेब्रुवारी २०१९

चि. अलकास, अ. उ. आ.

तुझी मामी खुशाल आहे, मी नाही. शनिवारी आमच्या अंधांच्या वाचनमंडळात माझं नाक कापलं गेलं. निवृत्तीनंतर डोळे गेले तरी भाचीनं दिलेल्या, बोटांखाली ठिपके उमटवणाऱ्या मशीनवर मी संक्षिप्त इंग्रजी ब्रेल घडाघडा वाचतो, असं तीन महिने मिरवत होतो. मंडळातल्या कुमुदताईंनी त्यांचं मशीन पुढे केलं. सुटा 'के' म्हणजे 'नॉलेज', सुटा 'पी' म्हणजे 'पीपल', हे मला पाठ आहे गं. पण बोटांना पत्ताच नव्हता. मी 'के', 'पी' करत बसलो आणि मंडळ हसलं.

कुमुदताई म्हणाल्या, तुमच्या मशीनवर शब्द पूर्ण स्पेलिंगनं येत असणार. खरं का? येत्या शनिवारी पुन्हा वाचायचंय. तू ऑफिसात या मशीनच्याच सॉफ्टवेअरची तपासणी करतेस, तेव्हा खरं सांग.

तुझा,
बळवंतमामा

नोएडा
५ फेब्रुवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

खरं आहे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही चिडून मशीन खोक्यात भरलंत, असं मामीनं फोनवर सांगितलं आणि मी घाबरले. दिवाळीला आले तेव्हा गुपचूप संक्षेप बंद केला. तुम्ही इतके खुशीत वाचू लागलात, की पुढे सांगायचा धीर होईना. तुम्हाला जमणार नाही, हे मी परस्पर ठरवलं. फार चुकलं माझं.

आज इथूनच संक्षेप चालू केलाय. कर्सर असेल तो एकच शब्द पूर्ण उलगडेल, बाकी ओळ आखूड. अडलात तर कर्सर तिथे न्या. रागवा, पण मशीन खोक्यात नको.

राग ओसरला की लोभही पूर्ववत चालू करावा, ही विनंती.

तुमची,
अलका

हिंदूराव, दिल्ली
१० फेब्रुवारी

चि. अलकास, अ. उ. आ.

दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मग तुझ्या मामीनं विचारलं, की जन्मभर सरकारी फायलींवर आणि पत्रांच्या मायन्यांत नुसती आद्याक्षरं लिहिलीत, तेव्हा ती कोणी उलगडून देत होतं का? मी मशीन उघडलं.

काल मंडळात दोन पानं वाचली. नऊ वेळा कर्सर न्यावा लागला. कुमुदताईंनी चहा पाजला, पण माझं नऊदा थांबणं त्यांनीही मोजलं होतं.

आता ते उलगडणंही बंद कर. अडलो तर तुलाच फोन करीन. मात्र यापुढे माझं काही सोपं करायचं असेल, तर आधी मला विचारत जा.

आणि वरचं अ. उ. आ. मी सवयीनं लिहितो, तूही सवयीनं वाचत असशील. आज तुझ्यासाठी उलगडून लिहितो: अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा,
बळवंतमामा